बारामती ते इंदापूर : आंदणाच्या पेट्या आणि त्यांच्या मालकिणी

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरांचा आहे. कऱ्हेचा काठ सोडून तो काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी अशी गावे जोडीत इंदापूर गाठतो. आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरीकडे जाते. काटेवाडीत पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. वर्षातील उरलेल्या दिवसांत हा रस्ता उसाच्या गाड्यांचा, शाळेच्या बसगाड्यांचा आणि बाजारकरूंचा असतो.

बाहेरच्यांना हा मुलूख साखर कारखान्यांचा आणि फळबागांचा म्हणून परिचित आहे. माझी त्याच्याशी ओळख झाली ती माजघरांतून. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन तपासण्याच्या निमित्ताने या रस्त्यालगतची अनेक घरे आतून पाहण्याचा योग आला. अशा घरांत वयोवृद्ध स्त्रीच्या खाटेशेजारी, बहुधा भिंतीला टेकवून, एक वस्तू हमखास दिसते. ती म्हणजे तिची पेटी. कुठे ती सागवानी असते, पितळी पट्ट्यांनी मढवलेली. कुठे साध्या फळ्यांची असते, तर बहुतेक ठिकाणी फुलांची नक्षी रंगवलेली पत्र्याची ट्रंक असते. आतील वस्तू मात्र सर्वत्र सारख्याच : एखादे जरीचे लुगडे, नवऱ्याचा फेटा, मुलांची बाळंतविड्यातील अंगडी-टोपडी, जुने फोटो, दागिन्यांची रिकामी डबी, आणि तळाशी फडक्यात बांधलेल्या काही नोटा.

अशा जुन्या लाकडी पेट्यांना आज शहरांतील सजावटीच्या दुकानांत मोठी मागणी आहे. पेटी घरात कशी मांडावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती पेटी जिची आहे, तिच्या प्रकृतीच्या दृष्टीने पेटीचे काय करावे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. या लेखाचा विषय तोच आहे.

कोरड्या मुलखातील लाकूड

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने कविवर्य मोरोपंतांनी या गावी आयुष्याचा मोठा काळ काढला आणि १७९४ मध्ये येथेच देह ठेवला. त्या काळातील वाड्यांची रचना पाहिली, तर पेटीचे महत्त्व ध्यानात येते. भिंती जाड, खिडक्या लहान, खोल्या थंड आणि काळोख्या. कपाट नावाची स्वतंत्र वस्तू नव्हती. भिंतीतील कोनाडा, फडताळ आणि जमिनीवरची पेटी, एवढीच सामान ठेवण्याची सोय. धान्य बळदात, कणगीत वा पेवात, आणि कापडचोपड व मोलाचा ऐवज पेटीत.

तथापि लाकडी पेटी ही या भागात सामान्य घराची वस्तू कधीच नव्हती. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथे वाढते ती बाभूळ आणि कडुनिंब. साग लांबून आणावा लागे. त्यामुळे सागवानी पेटी ही वतनदाराच्या, सावकाराच्या, व्यापाऱ्याच्या घरची. कष्टकरी घरातील स्त्रीची तिजोरी म्हणजे उतरंड. एकावर एक रचलेल्या मडक्यांपैकी कोणत्या मडक्यात दोन रुपये दडवले आहेत, हे तिलाच ठाऊक असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेचा डावा कालवा झाला, पुढे ऊस आला, कारखाने उभे राहिले, हातात पैसा खेळू लागला, आणि लेकीच्या आंदणात भांड्यांबरोबर ट्रंकही जाऊ लागली. त्यानंतर लोखंडी कपाट आले. पेटी मागे हटली ती आजीच्या खाटेजवळ.

नाव कोणते आणि मालकी कोणाची

सजावटीच्या बाजारात अशा पेटीला सरसकट ‘हुंड्याची पेटी’ म्हणतात. हे नाव इंग्रजी विक्रीपत्रकांतून आलेले आहे. आपल्याकडचे शब्द निराळे आहेत. संदूक, पेटारा हे त्यांतले रुळलेले. त्याहून जुना शब्द ‘मांदूस’. संस्कृत ‘मंजूषा’ हेच त्याचे मूळ. सौराष्ट्र-कच्छात घरोघरी दिसणाऱ्या मोठ्या पेटीला ‘मजूस’ म्हणतात, तेही याच कुळातील.

हुंडा आणि आंदण यांतील भेद नावापुरता नाही. हुंडा हा वरपक्षाने मागून घेतलेला पैसा. तो देणे आणि घेणे हा १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. आईवडिलांनी आणि आप्तेष्टांनी मुलीला स्वखुशीने दिलेली वस्तू ही तिचे स्त्रीधन होय. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या ताब्यातील मालमत्तेची पूर्ण मालक ठरवले. विवाहितेचे स्त्रीधन सासरच्या घरात ठेवलेले असले, तरी ते तिचेच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला.

सणसरच्या पुढे कालव्यालगतच्या एका वस्तीवर मधुमेहाच्या जखमेच्या मलमपट्टीसाठी मी एका आजींकडे जात असे. घराचे नवे बांधकाम चालू होते आणि जुने सामान अंगणात काढलेले होते. नातवाने पेटीचे गिऱ्हाईकही ठरवले होते. आजींनी मला विचारले, “डॉक्टर, जमीन त्यांची, घर त्यांचं, बैलं त्यांची. ही एक पेटी माझ्या बापानं दिल्याली. तीबी त्यांनीच इकायची का?” नातू समजूतदार होता. त्याने पेटी उचलून पुन्हा आजींच्या खाटेपाशी ठेवली. त्या प्रश्नात कायद्याची तीन पुस्तके सामावली होती, आणि वैद्यकशास्त्राचेही एक पान होते. म्हातारपणी एकामागून एक गोष्टींवरचा ताबा सुटत जातो. चूल सुनेकडे जाते, हिशेब मुलाकडे, औषधांचा डबा नातीकडे. आपल्या अखत्यारीत काहीच उरले नाही ही भावना भूक, झोप आणि उमेद या तिन्हींवर परिणाम करते. अशा वेळी एका पेटीची किल्ली कमरेला असणे हे लहान काम नव्हे.

दिवाणखान्यात आलेली पेटी

पुण्या-मुंबईप्रमाणे आता बारामतीच्या नव्या बंगल्यांतूनही जुन्या पेट्या दिसतात. कोठे काच बसवून चहाचे मेज केलेले असते, कोठे पलंगाच्या पायथ्याशी बैठक, तर कोठे दूरदर्शन संचाखालचा आधार. बाजारात येणाऱ्या मोठ्या पेट्यांपैकी पुष्कळशा सौराष्ट्र-कच्छकडच्या असतात. तिकडे त्यांना ‘पटारा’ म्हणतात. सागाचे लाकूड, दर्शनी बाजूस ठोकलेले पितळी पत्रे व फुल्या, आणि हलवण्याच्या सोयीसाठी खाली लाकडी चाके, ही त्यांची ओळख. केरळातील नेट्टूर पेटी आकाराने लहान, उतरत्या छपरासारख्या झाकणाची आणि दागिन्यांसाठी असते. लेकीसोबत पेटी पाठवण्याची रीत भारतापुरतीही नाही. पंधराव्या शतकात इटलीतील श्रीमंत घराण्यांत नववधूची पेटी नामवंत चित्रकारांकडून रंगवून घेत.

पेटी विकत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, जुनी म्हणून विकली जाणारी प्रत्येक पेटी जुनी नसते. खरोखर वापरलेल्या पेटीची झीज जिथे हात लागतो तिथे असते : झाकणाच्या पुढच्या कडेला, कोयंड्याभोवती, तळाच्या कोपऱ्यांवर. सगळीकडे सारखी झीज दिसली, तर ती कानशीने केलेली समजावी. दुसरी गोष्ट परदेशी असलेल्या मुलांसाठी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजीची पेटी अमेरिकेला पाठवण्याचा बेत असेल, तर ती त्या वर्गात मोडत नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा दाखला आधी घ्यावा.

ज्यांना विकत न घेता केवळ पाहायचे आहे, त्यांनी पुण्यात बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरातील ज्येष्ठांना घेऊन जावे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले. दिवे, अडकित्ते, कोरीव दारे, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्याच्या वस्तूंपुढे उभ्या राहिलेल्या आजी-आजोबांना बोलते करावे लागत नाही. जाताना मजल्यांचे जिने आणि बसण्याची सोय यांची आधी चौकशी करावी, एवढेच.

किल्ली कोणी घेतली?

वस्तू पाहून आठवणी जाग्या होतात, हे आपण सर्वच अनुभवाने जाणतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये एक निबंध लिहून त्याला शास्त्रीय चर्चेत स्थान दिले. वृद्ध माणूस जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो, तो भ्रमिष्टपणा नसून आपल्या आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक रीत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातूनच पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुने फोटो, वस्तू, गाणी यांच्या आधारे संवाद साधण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीने आजार बरा होत नाही. तिचे लाभ माफक असतात आणि सर्वांना सारखे मिळत नाहीत. परंतु ती निर्धोक आहे, तिला खर्च नाही, आणि घरच्यांना रुग्णाशी बोलण्यासाठी विषय मिळतो.

याच पेटीवरून घरात कलहही पेटतो. निमगाव केतकीजवळच्या एका घरी सूनबाई डोळे पुसत माझ्याशी बोलल्या. सासूबाई दिवसातून दहा वेळा पेटी उघडत, सामान बाहेर काढत, पुन्हा भरत, आणि मग म्हणत, “माझी बोरमाळ हिनंच घेतली.” बोरमाळ वीस वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात मोडलेली होती. घरच्यांनी कंटाळून पेटीला कुलूप घातले होते. त्यानंतर सासूबाई रात्ररात्र जागू लागल्या होत्या.

अशा कुटुंबांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. चोरीचा आळ हे स्मृतिभ्रंशाचे अतिशय परिचित लक्षण आहे. वस्तू कोठे ठेवली ते आठवत नाही, विसरलो हेही आठवत नाही. मग ती कोणीतरी नेली असणार, असा अर्थ मेंदू लावतो. आणि आळ येतो तो सर्वांत जवळ असणाऱ्यावर, म्हणजे जी व्यक्ती सर्वाधिक सेवा करते तिच्यावर. तो स्वभावदोष नाही, आणि सुनेच्या सेवेवरचा अभिप्रायही नाही.

काय करावे? वाद घालू नये, पुरावे देऊ नयेत. “थांबा आत्याबाई, आपण दोघी मिळून शोधू,” असे म्हणून शेजारी बसावे. शोधताना हाती येणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वस्तूची गोष्ट विचारावी. बहुतेक वेळा मन तिकडे वळते. खरे दागिने आणि कागदपत्रे आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतानाच, त्यांना सांगून, घरातील दोघांच्या साक्षीने आणि यादी करून सुरक्षित जागी हलवावीत. किल्लीच्या दोन-तीन नकला करून ठेवाव्यात. आणि पेटी मात्र उघडी असू द्यावी. कपड्यांच्या घड्या मोडणे व घालणे हे अशा रुग्णासाठी हाताला मिळालेले काम आहे. त्यात त्यांचा वेळ शांतपणे जातो. निमगावच्या त्या घरी कुलूप काढल्यावर आळ थांबला असे नाही, पण रात्रीची झोप पुष्कळ सुधारली. एक सूचना मात्र पाळावी : संशय, गोंधळ वा भास एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाले, तर ते नेहमीच्या विसरभोळेपणात जमा न करता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. लघवीतील जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, रक्तातील साखर घसरणे किंवा नवे औषध यांपैकी काही कारण असू शकते, आणि त्यावर उपचार होतात.

पेटी आणि शरीर

इंदापूर जुने गाव. मालोजीराजे भोसले यांच्या गढीने त्याला इतिहासात स्थान दिले. जुन्या पेठेतील काही घरांत अजून उंच उंबरे, अरुंद जिने आणि भिंतीलगतच्या जड पेट्या आहेत. अशा घरांत पडण्याचे अपघात कसे होतात, ते पाहून काही गोष्टी निश्चित सांगता येतात.

पेटीची जागा खाटेपासून संडास-मोरीकडे जाणाऱ्या वाटेत नसावी. रात्रीच्या अंधारात तिच्या धातूच्या कोपऱ्यावर नडगी आपटते. मधुमेहींना ती जखम जाणवत नाही आणि लवकर भरतही नाही. चाके असलेला पटारा असेल, तर चाकांना लाकडी पाचरी ठोकाव्यात. आधारासाठी हात टेकला आणि पेटी सरकली, तर खुब्याचे हाड मोडण्यास तेवढे पुरते.

झाकण हा दुसरा धोका. सागवानी झाकण जड असते आणि बोटांवर पडले तर बोट चेचते. झाकण उघडल्यावर अडकून राहील अशी साखळी वा टेकू सुताराकडून बसवून घ्यावा. घरात नातवंडे येणार असतील, तर बाहेरून आपोआप अडकणारा कोयंडा काढून टाकावा. लपाछपीत मूल मोठ्या पेटीत शिरले आणि झाकण बंद झाले, तर आत हवा फार थोडी असते.

तिसरी गोष्ट वाकण्याची. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने जमिनीवरच्या पेटीत कमरेतून वाकून जड गोधडी उचलली, तर पाठीचा मणका दबून मोडू शकतो. ही वेदना अनेकदा ‘लचक’ म्हणून अंगावर काढली जाते. पेटी ओट्यावर किंवा भक्कम चौरंगावर ठेवावी, म्हणजे उघडताना वाकावे लागत नाही. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांना वाकून झटकन उठल्यावर घेरी येते. त्यांनी पेटीसमोर खुर्ची ठेवून बसूनच सामान काढावे. पेटीचाच बसण्यासाठी उपयोग करायचा असेल, तर तिची उंची साधारण सतरा-अठरा इंच असावी, बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकावेत, आणि उठताना धरण्यासाठी शेजारी भिंतीत दांडा असावा. वर गादी टाकल्यास ती घसरणार नाही अशी बांधावी.

आणखी एक विनंती. पुढच्या वेळी पेटी उघडली जाईल, तेव्हा आतील औषधे पाहावीत. जपून ठेवण्याच्या सवयीमुळे गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, जुनी मलमे पेटीत साठत जातात. मुदत संपलेली औषधे बाजूला काढावीत. आजींच्या रागाची भीती वाटत असेल, तर हे काम खुशाल डॉक्टरांवर सोपवावे. आमचा राग त्यांना येत नाही.

पेटीतील वास

पेटीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यांतील बऱ्याच गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा तान्ह्या बाळाला नॅप्थलीनचा वास लागलेल्या कपड्यात गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आणि आपल्याकडे पणजीच्या मऊ लुगड्याची दुपटी याच पेटीतून निघतात. ही सुंदर रीत मोडण्याचे कारण नाही. बाळासाठी काढायचे कापड आधीच वेगळे, गोळ्यांशिवाय ठेवावे आणि धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरावे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण या पांढऱ्या गोळ्या बत्तासा समजून तोंडात टाकतात, हेही पाहण्यात आहे. कापराच्या वड्यांनाही हाच नियम लागू. पोटात गेल्यास फिट येऊ शकते. त्यापेक्षा आपल्या आज्या वापरत तो वेखंड आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवावा, आणि वर्षातून दोनदा पेटी रिकामी करून सामानाला ऊन द्यावे. दमा असलेल्या व्यक्तीने पेटी झटकण्याच्या वेळी त्या खोलीत थांबू नये.

जुनी पेटी नव्याने रंगवण्यापूर्वीही विचार करावा. जुन्या रंगांत शिसे असू शकते. ते घासताना उडणारी भुकटी लहान मुलांना आणि गर्भवतींना विशेष घातक असते. हे काम घराबाहेर, ओल्या कागदाने घासून करावे. वाळवी-भुंग्याचे औषध किंवा पॉलिश लावलेली पेटी वास पूर्ण जाईपर्यंत झोपण्याच्या खोलीत आणू नये. जवसाचे तेल लावल्यास त्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. लाकडावरची झीज आणि डाग तसेच राहिले, तरी काही बिघडत नाही. जिची पेटी आहे तिला ती त्यांवरूनच ओळखू येते.

तळाशी ठेवलेले लुगडे

इंदापुराहून सोलापूर-पुणे महामार्गाने पुण्याच्या दिशेने निघाले की काही अंतरावर उजवीकडे उजनीचे पाणी दिसू लागते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने भीमाकाठची अनेक गावे पोटात घेतली. जुने पळसदेव त्यांपैकीच एक. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर वर येते आणि ते पाहण्यासाठी गर्दी होते. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हाही पर्यटक येतात. ज्यांची घरे त्या पाण्याखाली आहेत, अशा पिढीतील माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

महामार्गालगतच्या एका नव्या गावठाणात अशाच एका आजींना मी हृदयविकारासाठी तपासत असे. गाव सोडताना बैलगाडीत घातलेली लाकडी पेटी त्यांच्या उशाशी होती. अखेरच्या आजारपणात एके दिवशी त्यांनी मुलीला पेटी उघडायला लावली आणि तळातून एक हिरवे नऊवारी लुगडे, थोडे पैसे आणि तुळशीची माळ काढून दाखवली. “जाताना हे नेसवा. दवाखान्यात नळ्या लावून ठिवू नका. पानी दिसंल अशा जागी खाट ठिवा.” मुलगी म्हणाली, “आई, असं अभद्र बोलू नये.” मी तिला थांबवले आणि आजींना बोलू दिले.

पेटीच्या तळाशी असे लुगडे ठेवणाऱ्या स्त्रिया या भागात पुष्कळ आहेत. घरच्यांना त्याचा उल्लेखही नकोसा वाटतो. पण आयुष्याच्या शेवटी कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे रुग्णाला आधीच विचारून ठेवा असे वैद्यकशास्त्र आज सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वलिखित इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. आपल्या वृद्ध स्त्रियांनी कागद केला नाही. त्यांनी लुगडे घडी घालून ठेवले. त्याविषयी विचारणे अशुभ नाही. न विचारल्यामुळे पुढे अतिदक्षता कक्षाच्या दारात भावंडे एकमेकांशी भांडतात, आणि आईला काय हवे होते हे कोणालाच ठाऊक नसते. त्या आजींची खाट अंगणाकडच्या पडवीत हलवली गेली. तेथून पाणी दिसत होते. तीन आठवड्यांनी त्या घरीच शांतपणे गेल्या आणि मुलीने तेच लुगडे नेसवले.

पेटी बहुधा तेराव्यानंतर उघडली जाते. तेव्हा फोटोतील माणसे कोण, चिंधीत गुंडाळलेले ते नाणे कोणाचे, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. म्हणून ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना सुचवावेसे वाटते की, येत्या पंधरवड्यात एखाद्या दुपारी, जेवण आणि विश्रांती झाल्यावर, त्यांची परवानगी घेऊन पेटी त्यांच्यासोबत उघडावी. अर्धा-पाऊण तास पुरे. थकवा दिसला की थांबावे. किल्ली त्यांनाच फिरवू द्यावी. एकेक वस्तू त्यांच्या हाती द्यावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात : ही कोठून आली, ही कोणाला द्यायची, आणि ही तुमच्याजवळच ठेवायची का. उत्तरे नातवंडाने वहीत लिहून घ्यावीत. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. डोळे भरून आले तर घाबरू नये, विषयही बदलू नये. रडू दीर्घकाळ टिकले, जेवणखाण सुटले किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर मात्र डॉक्टरांना कळवावे, कारण म्हातारपणातील नैराश्यावर उपचार आहेत.

आणि ज्या ज्येष्ठ भगिनी स्वतः हा लेख वाचत असतील, त्यांनी मुलांच्या विचारण्याची वाट पाहू नये. पेटी तुमची आहे. तुम्हाला हवे तेव्हा, हवे त्याला हाक मारून जवळ बसवा आणि झाकण उघडा. फक्त त्याआधी झाकणाला साखळी बसवून घ्या.